साडेसदतीस मीटर

३ जून, मंगळवार

बाबा,

घडलं ते असं :

१. शनिवारी, ३१ मे रोजी, मी घरी येऊन गेले. तुम्ही सुटे भाग आणायला बाहेरगावी गेला होतात. तुम्ही नसणार हे मला आधी माहीत होतं.

२. आपल्या सायकल दुकानाच्या पायरीपासून पाण्याच्या टाकीकडच्या पांढऱ्या रेघेपर्यंतचा सरावाचा रस्ता मी पन्नास मीटरच्या पोलादी टेपने मोजला. टेप आमच्या प्रयोगशाळेत तपासलेली आहे.

३. तीन वेळा मोजला. ५१८.७, ५१८.८, ५१८.८. जाऊन-येऊन साधारण एक हजार साडेसदतीस मीटर.

४. माझ्या चौदाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत तुम्ही सांगत आलात की जाऊन-येऊन बरोबर एक हजार आहे.

५. आईला यातलं काही माहीत नाही.

हा आरोप नाही, नोंद आहे. आमच्याकडे कुठलंही उपकरण तपासणीला आलं की आधी फक्त आकडे लिहायचे असतात. मत नंतर.

आकड्यांवरून जे निघतं तेवढं लिहिते. तुमची अट होती : दहा फेऱ्या चाळीस मिनिटांच्या आत, तरच निवड चाचणीचा अर्ज भरायचा. माझी सर्वांत चांगली वेळ चाळीस मिनिटं बावन्न सेकंद. तुम्ही पायरीवर बसून ग्रीसचे हात फडक्याला पुसत म्हणालात, "घड्याळ कुणाची मुलगी ओळखत नाही." अर्ज भरला गेला नाही. त्यानंतर त्या बावन्न सेकंदांवरून आपण एकमेकांना जे बोललो ते दोघांच्याही लक्षात असेल. गेल्या आठ वर्षांत मी फोन केला आणि तुम्ही उचललात, तर आपण "आई आहे का?" आणि "देतो" एवढंच बोललो आहोत.

त्या दिवशी मी दहा किलोमीटर धावलेच नव्हते. दहा किलोमीटर आणि वर तीनशे पंचाहत्तर मीटर धावले होते. त्याच गतीने दहा किलोमीटरची वेळ येते एकोणचाळीस मिनिटं तेवीस सेकंद.

प्रश्न एकच आहे. तुम्हाला हे माहीत होतं का?

होय किंवा नाही. एका शब्दाचं उत्तर चालेल.

ता.क. गेल्या वर्षापासून मी पुन्हा धावते आहे. ७ डिसेंबरला पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. ते अंतर अधिकृतपणे मोजलेलं असतं.


९ जुलै, बुधवार

बाबा,

उत्तर आलं नाही. आई फोनवर म्हणाली, "पत्र आलं होतं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि पंक्चरच्या डब्यात ठेवलं." त्या डब्यात काय असतं ते मला माहीत आहे : कात्री, रबराचे तुकडे, सोल्युशनची ट्यूब आणि जपून ठेवायचे कागद. म्हणजे फेकलेलं नाही. एवढी माहिती मला पुरेशी आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सरावाचं लिहिते. सरावाविषयी ज्यांना कळतं असे दुसरे कुणी मला माहीत नाहीत.

तीन तास वीस मिनिटांच्या आत संपवायचं आहे. म्हणजे एक किलोमीटर चार मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत, असे बेचाळीस. आठवड्यातून पाच दिवस सकाळी धावते, नऊला कामावर. आमचा पाच जणांचा गट आहे. गटाच्या म्होरक्या एक बाई आहेत, वय अठ्ठावन्न, शाळेची बस चालवतात. पहिले चार किलोमीटर खोकत, कण्हत, सगळ्या जगाला नावं ठेवत धावतात आणि त्यानंतर थांबतच नाहीत. म्हणून सगळे त्यांना डिझेल म्हणतात. माझं नाव त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं, मोजपट्टी.

"मोजपट्टी, तुझा तो मनगटावरचा मास्तर काय म्हणतोय?"

"चार एक्केचाळीस."

"त्याला सांग, मला धाप लागलीय."

"तुमची गती मी सांगत नाहीये, काकू. माझी सांगतेय."

"अगं, मग माझ्या शेजारी कशाला धावतेस? जा की पुढे! इथे काय हॉर्न वाजवून वाट मागणार आहेस?"

गेल्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटर केले. वीसनंतर पाय जड व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. शेवटचे आठ किलोमीटर प्रत्येकी आधीच्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी कमी होत गेले. मी काही जोर लावत नव्हते. ते आपोआप होत होतं. घरी आले, बूट न काढता फरशीवर आडवी झाले आणि हसले. एकटीच होते. ही नोंद कुठे करावी ते कळलं नाही, म्हणून इथे केली.

अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवायचं, असा तक्ता मी स्वतः केला आहे. त्यात चूक निघणार नाही.

प्रश्न तोच आहे.


१४ ऑगस्ट, गुरुवार

बाबा,

तक्त्यात चूक निघाली.

उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखत होतं. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

"कधीपासून दुखतंय?"

"सतरा दिवस."

"मग धावणं कधी थांबवलंत?"

"थांबवलं नाही. तक्त्यात विश्रांतीचा आठवडा पुढचा होता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, हाडाला तक्ता वाचता येतो का?"

हाडाला बारीक चीर जायची सुरुवात आहे. सहा आठवडे धावणं बंद. २३ सप्टेंबरनंतर पाहू, म्हणाले. त्यांच्या ‘पाहू’ला एकक नाही.

तोवर पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून उभ्यानं धावायचं. तळाला पाय टेकत नाहीत. मी तासभर धावते आणि होते तिथेच असते. तिथे रोज पोहायला येणारे एक आजोबा तिसऱ्या दिवशी काठाला थांबून म्हणाले, "ताई, खाली काही पडलंय का? मी बुडी मारून बघू?"

मी सांगितलं, सराव आहे. ते बराच वेळ विचार करत राहिले.

वाईट दिवसांचंही लिहायला हवं, नाहीतर नोंद एकांगी होईल. झोप लागते पण पुरत नाही. भूक मेली आहे. गटातले लोक सकाळी निघतात तेव्हा मी खिडकीपाशी जात नाही. मंगळवारी कामावर पाच किलोचं प्रमाण वजन पेटीत ठेवताना रडू आलं. त्या वजनाला उघडा हातसुद्धा लावायचा नसतो. डोळ्यांतलं पाणी त्यावर पडलं असतं तर ते पुन्हा तपासणीला पाठवावं लागलं असतं. म्हणून आधी पेटी बंद केली, मग रडले.

डिझेलकाकू पाहायला आल्या. म्हणाल्या, "गाडी गॅरेजला लागली म्हणून काय भंगारात घालायची असते? गप पड." केळी ठेवून गेल्या. त्यातलं एक स्वतः खाऊन गेल्या.

पडल्या-पडल्या एक आठवलं. तुम्ही चाक सरळ करताना आरे बोटाने एकेक करून छेडायचात. मी दहा-अकरा वर्षांची असेन. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी प्रत्येक आऱ्याला क्रमांक देऊन तक्ता करत बसले होते. तुम्ही कागद उचलून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "लिहू नकोस, ऐक." ढिला आरा ठप्प वाजतो. जास्त ताणलेला किणकिणतो. तुटायचा असेल तर दोन दिवस आधी आवाज बदलतो.

नडगी सतरा दिवस आवाज बदलून सांगत होती. मी घड्याळ वाचत होते.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.


२९ सप्टेंबर, सोमवार

बाबा,

२३ तारखेला तीन किलोमीटर धावले. काल आठ. दुखत नाही. घड्याळ मनगटावर होतं, पण घरी येईपर्यंत पाहिलं नाही.

आता दोन गोष्टी.

पहिली. जूनच्या पत्रातला मुद्दा पाच खोटा होता. पन्नास मीटरची टेप एका माणसाला धरता येत नाही. दुसरं टोक आईने धरलं होतं. अकरा वेळा टेप टाकायची, तीनदा मोजायचं, म्हणजे तेहतीस वेळा ती वाकली. पहिल्या वेळी तिने टोकावर पाय दिला आणि टेप ओढल्यावर चप्पल माझ्याकडे आली. "टेप धरू की चप्पल, एक काय ते सांग!" असं ती टाकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे काय झालं?" मी सांगितलं. ती रेघेवर बसली आणि म्हणाली, "हे त्यांना सांगू नकोस. सांगणारच असशील, तर मला मध्ये घेऊ नकोस." म्हणून घेतलं नाही. नोंदीत खोटं लिहिण्याची माझी ही पहिली वेळ.

दुसरी गोष्ट, चाक.

दुकानाच्या दाराआड भिंतीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे : चाक २.१०, फेरे २३८. तुम्ही सायकल हातात धरून, चाकाच्या एका फेऱ्याला दोन मीटर दहा सेंटिमीटर असा हिशोब धरून पाचशे मीटर मोजलेत. पद्धत बरोबर आहे. मग अंतर चुकलं कुठे, हे मी चार महिने शोधत होते. गेल्या आठवड्यात आईला सहज विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "रस्ता मोजला त्याच्या आधीच्याच महिन्यात नाही का तुझ्या मामाने सायकल नेऊन हातगाडीवर घातली? पुढच्या चाकाचा पार आठचा आकडा झाला होता. मग ह्यांनी मोठ्या सायकलचं चाक आणून बसवलं. तात्पुरतं."

आपल्या घरात तात्पुरतं बसवलेलं काहीही कधी निघालेलं नाही. ती सायकल अजून त्याच चाकावर आहे. भिंतीवरचा आकडा तेवढा जुन्या चाकाचा होता.

मी आईला सांगितलं, चाकाभोवती दोरा गुंडाळ, एक फेरा होईल तेवढा काप आणि पाठव. पाकीट शुक्रवारी आलं. त्यात दोरा नव्हता. ब्रेकची तार होती, नेमकी कापलेली, दोन्ही टोकांचे धागे उसवू नयेत म्हणून कथलाचा डाग देऊन बंद केलेली. दोरा ताणला की वाढतो, तार वाढत नाही. हे आईला ठाऊक असायचं कारण नाही. आणि डाग द्यायचं हत्यार ती हातात धरत नाही.

तार प्रयोगशाळेत मोजली. दोन मीटर एकशे एकोणऐंशी मिलिमीटर. गुणिले दोनशे अडतीस : पाचशे अठरा मीटर साठ सेंटिमीटर. माझ्या टेपपेक्षा एक वीतही कमी नाही.

म्हणजे उत्तर ‘नाही’ असं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही दोनशे अडतीस फेरे एकही न चुकता मोजलेत, तेही पायी, दुकान बंद ठेवून. फक्त चाक बदललं होतं आणि भिंत बदलली नव्हती.

खरं सांगायचं तर मला ‘होय’ हवं होतं. ‘होय’ असतं तर आठ वर्षांचा राग जागच्या जागी राहिला असता. आता तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. ती निवड चाचणी परत येणार नाही, हेही खरंच आहे. दोन्ही लिहून ठेवते.

तार माझ्याकडे आहे.


५ डिसेंबर, शुक्रवार

बाबा,

थोडक्यात लिहिते. बत्तीस किलोमीटरच्या दोन धावा झाल्या. पहिलीत सव्विसाव्या किलोमीटरला वाटेतल्या कुठल्याशा दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले आणि परत कधीही धावणार नाही असं ठरवलं. अकरा मिनिटांनी उठले. दुसरीत बसले नाही. नडगी दर सकाळी उठल्या-उठल्या बोटाने ठोकून पाहते. आवाज ठीक आहे.

आता दोन आठवडे अंतर कमी करत आणलं आहे, त्यामुळे जागोजागी काहीतरी दुखल्याचा भास होतो. काकू म्हणतात, "इंजिन बंद असलं की सगळे नटबोल्ट ऐकू येतात."

जुन्या वह्या काढल्या होत्या. पाच वर्षांत मी तुमच्या त्या रस्त्यावर सहा हजार दोनशे फेऱ्या केल्या. प्रत्येकीत साडेसदतीस मीटर जास्त. म्हणजे दोनशे साडेबत्तीस किलोमीटर मी कुणाच्याही नकळत धावले आहे. तुमच्या आणि माझ्याही.

रविवारी सकाळी सहाला सुरुवात आहे. या, असं मी म्हणत नाही. वेळ कळवून ठेवते.


१२ डिसेंबर, शुक्रवार

बाबा,

तीन तास अठरा मिनिटं सहा सेकंद.

पहिला अर्धा भाग एक तास अडतीस मिनिटं पन्नास सेकंद, दुसरा एक तास एकोणचाळीस मिनिटं सोळा सेकंद. स्त्रियांमध्ये अकरावी. हे आईने तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं असेल. जे तिला सांगितलं नाही ते लिहिते.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. एकतिसाव्याला रस्ता एका लांब पुलाखालून जातो. तिथे घड्याळाला आकाश दिसत नाही, उपग्रह सापडत नाहीत, त्यामुळे ते अंदाज बांधायला लागतं. एकदा म्हणालं तीन पन्नास, लगेच म्हणालं सहा वीस. दोन्ही खोटं होतं. नेमकं तिथेच मांड्यांनी काम बंद केलं. दुखत नव्हत्या, त्या माझ्या राहिल्याच नव्हत्या. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, घड्याळ कुणाची मुलगी ओळखत नाही.

मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

मग मोजायला लागले. किलोमीटर नाही, पावलं. एक ते दोनशे अडतीस, मग पुन्हा एकपासून. तुम्ही सायकल हातात धरून ज्या गतीने मोजलं असेल त्या गतीने नव्हे, पण त्याच आकड्यापर्यंत. दोनशे अडतीस झाले की टाकीची रेघ आली असं समजायचं आणि मनातल्या मनात वळायचं, धावायचं मात्र सरळच. आणि श्वास ऐकायचा. ठप्प वाजला तर जोर वाढवायचा, किणकिणला तर कमी करायचा. छत्तिसाव्या किलोमीटरला एक बाई दारात पाण्याची बादली आणि पेला घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, पळ, पुढे उतार आहे!" पुढे सरळसोट चढ होता. त्या बाईंना त्यांच्या दारासमोरचा रस्ता माहीत नसेल असं मला वाटत नाही. चढावर मी चौघांना मागे टाकलं.

चाळीसची पाटी आली तेव्हा मला कळलं की मी थकलेली आहे आणि तरी मला कशाचीही भीती वाटत नाहीये. हजार संपल्यावरही थोडं उरतं, हे माझ्या पायांना चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. बाकीच्यांच्या पायांना ते तिथे पहिल्यांदा कळत होतं. शेवटचे दोन किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर मी त्या दिवसातलं सगळ्यांत जलद धावले. ते दोनशे साडेबत्तीस किलोमीटर कुठे गेले होते, त्याचा पत्ता लागला.

अंतिम रेषेपाशी मी बसले नाही, रडले नाही. उभी राहून डिझेलकाकूंची वाट पाहिली. त्या एक तास तेवीस मिनिटांनी आल्या. माझ्या गळ्यातलं पदक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोजपट्टी, आता तरी दात दाखव. काही कर लागत नाही." मी दाखवले. फोटो आहे.

गर्दीत मी तुम्हाला शोधलं नाही. म्हणजे शोधलं. तुम्ही नव्हतात.

काल आईचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, म्हणजे तुम्ही मागच्या खोलीत होतात.

"मंगळवारी सकाळी हे रंगाचा डबा घेऊन टाकीकडे गेले. ह्यांच्याकडे धावायला शिकतात त्या मुली पाय मोकळे करत होत्या. त्यांना म्हणाले, थांबा, हा रस्ता चुकीचा आहे."

"मग?"

"मग काय, टेपच्या टोकावर वीट ठेवून एकटेच मोजत बसले. मी जाते म्हटलं तर म्हणाले, तू चप्पल टाकतेस."

चपलेचं मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं. म्हणजे सप्टेंबरचं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलं होतंत.

"नवी रेघ अलीकडे मारली, दुकानाच्या बाजूला. एका मुलीने विचारलं, सर, मग आमच्या आधीच्या वेळा? तर म्हणाले, त्या तुम्ही समजत होतात त्यापेक्षा चांगल्या आहेत. चूक माझी आहे. सगळ्यांसमोर म्हणाले गं."

"आणि जुनी रेघ?"

"पुसली नाही. मी म्हटलं, पुसा की, गोंधळ होईल. म्हणाले, राहू दे. कुणाला जास्त पळायचं असलं तर."

बाबा, विटेने मोजलेलं मी धरणार नाही. वीट सरकते. एकट्याने मोजलेल्या अंतरावर आमच्याकडे सही होत नाही, आणि त्या मुलींच्या बाबतीत तरी आकडा बरोबर असायला हवा. नवी रेघ जुन्या रेघेपासून अठरा मीटर पंच्याहत्तर सेंटिमीटर अलीकडे हवी. ती तिथे आहे का, हे तपासावं लागेल.

रविवारी, २१ तारखेला, सकाळी सातला मी टेप घेऊन दुकानाच्या पायरीशी येते. एक टोक मी धरेन. दुसरं टोक तुम्ही धरणार का, ते बुधवार, १७ तारखेपर्यंत कळवा.